मदत हवी आहे: शेपटीखाली पांढरं म्हणजे नयनसरी बदकच का? (अंबाझरी तलाव, नागपूर)

जलपाखरू
अंबाझरीच्या बांधावरून संध्याकाळी काढलेले तीन फोटो जोडले आहेत. वारकरी (कूट) पक्ष्यांच्या थव्यालगत बुडी मारणारी चार तपकिरी बदकं आहेत. दोघांच्या शेपटीखाली पांढरं आहे, तिसऱ्याच्या चोचीच्या मुळाशी पांढरट पट्टा. डोळ्यांचा रंग कळत नाही. या शेंडी बदकाच्या माद्या की नयनसरी? ईबर्डवर (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर) नोंद टाकायची आहे.

स्कोपवाला
फक्त शेपटीखालच्या पांढऱ्यावर निकाल देऊ नका. शेंडी बदकाच्या काही माद्यांनाही ते असतं, आणि याच एका खुणेमुळे चुकीच्या नोंदी होतात. फरक असा की नयनसरीत ते स्वच्छ, ठळक, कडा रेखीव असलेलं असतं. शेंडी बदकात बहुधा मळकट, कडेला तपकिरीत मिसळलेलं.

आधी डोक्याचा आकार बघा. नयनसरीचं कपाळ चोचीपासून तिरकं चढत जातं आणि माथ्याच्या मध्यावर उंचवटा येतो. चोचही लांबट वाटते. शेंडी बदकाचं कपाळ एकदम उभं, माथा चपटा, डोकं चौकोनी आणि मागे आखूड शेंडीचा खुंट. मादीची शेंडी नरासारखी लोंबत नाही, म्हणून ती शोधत बसू नका, डोक्याच्या मागच्या बाजूचा कोपरा बघा. मग चोचीचं टोक: शेंडी बदकात काळा भाग रुंद, टोकभर पसरलेला. नयनसरीत काळं जेमतेम टोकाच्या नखापुरतं (चोचीच्या अगदी टोकावरच्या छोट्या कडक भागापुरतं).

तुमच्या दुसऱ्या फोटोत डावीकडच्या दोघांची डोकी चौकोनी आहेत, चोचीचं टोकही रुंद काळं. ती शेंडी बदकंच, त्यातल्या एकाच्या शेपटीखाली पांढरं असलं तरी. चोचीच्या मुळाशी पांढरं असलेला पक्षीही त्यातलाच. हे पांढरं पाहून स्कॉप (याच गटातलं दुसरं बदक) समजू नका: त्याचा पट्टा बराच रुंद, डोकं गोल, शेंडीचा मागमूस नाही, आणि आपल्याकडे तो फार दुर्मीळ. उजवीकडचा, गवताच्या कडेचा पक्षी मला नयनसरी वाटतो.

गोरेवाडा_सकाळ
स्कोपवाला भाऊ, डोळा सगळ्यात सोपा नाही का? शेंडी बदक पिवळा, नयनसरीचा नर पांढरा, मादी गडद तपकिरी.

स्कोपवाला
जवळून बघता आलं तर हो. पण लांबून आणि उलट्या उजेडात पिवळा डोळाही काळाच दिसतो. शिवाय नयनसरीच्या पिल्लू-नराचा डोळा सुरुवातीला मळकट असतो आणि पांढरा व्हायला वेळ लागतो. पिवळा डोळा स्पष्ट दिसला तर नयनसरी बाद. काळा दिसला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

जलपाखरू
चौथ्या पक्ष्याचं डोकं तर तिन्ही फोटोंत वेगवेगळं दिसतंय. पहिल्यात सपाट, तिसऱ्यात फुगीर. कोणतं धरायचं?

स्कोपवाला
तिसरा. सतत बुड्या मारताना बदक डोक्याची पिसं दाबून धरतं आणि शेपूटही पाण्यालगत ठेवतं. त्यामुळे उंचवटा, शेंडी आणि शेपटीखालचं पांढरं, सगळंच लपतं. पक्षी तरंगत विसावला की बघायचं. तिसऱ्या फोटोत त्याचं डोकं चौकोनी आहे, म्हणजे तोही शेंडी बदक.

गोरेवाडा_सकाळ
संध्याकाळी बांधावर सूर्य तोंडावर येतो, पाणी पश्चिमेला आहे ना. सकाळी जा, उजेड पाठीशी मिळेल. संध्याकाळीच जावं लागलं तर एक्स्पोजर साधारण +१ वर ठेवा, नाहीतर बदकाची नुसती काळी सावली येते. पक्षी पाण्यावर उठून पंख फडफडवतो तेव्हा बर्स्ट (सलग भराभर फोटो) लावा. नयनसरीची पांढरी पंखपट्टी बाहेरच्या पिसांपर्यंत लख्ख पांढरी जाते. शेंडी बदकाची टोकाकडे करडी होत जाते.

जागाही बघा. शेंडी बदकं मोकळ्या, खोल पाण्यात थव्याने असतात. नयनसरी बुजरी, पाणवनस्पतींच्या आडोशाला एक-दोन. पण थव्यांत मिसळतेही, म्हणून जागेवरून फक्त अंदाज बांधायचा.

जलपाखरू
मग तीन शेंडी बदक, एक नयनसरी, असं टाकू?

स्कोपवाला
तीन शेंडी बदक टाका. नयनसरीसाठी उजवीकडच्या पक्ष्याचा मूळ, न कापलेला फोटो इथे चढवा, चोचीचं टोक नीट बघू द्या. ही प्रजाती जागतिक यादीत 'संकटसमीप' आहे, कच्ची नोंद नको. टोक अस्पष्ट असेल तर तो एक पक्षी 'आयथिया स्पे.' (गट हाच, प्रजाती अनिश्चित) म्हणून टाका आणि फोटो जोडून ठेवा. नंतर नोंद बदलता येते.

जलपाखरू
मूळ फोटो रात्री चढवतो. उद्या सकाळच्या उजेडात त्याच गवताकडे पुन्हा बघून येतो.