मदत हवी आहे : महिन्याचे मिश्र वाचन आणि वाचन-आव्हानाची मोजदाद

नमस्कार.

आम्ही सांगलीतील काही वाचनप्रेमी मंडळी या वर्षाच्या सुरुवातीपासून आपापसांत एक वाचन-आव्हान चालवीत आहोत. दर महिन्याला प्रत्येकाने आत्मचरित्र, अनुवाद, कविता, निदान पन्नास वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेले एखादे पुस्तक आणि सांगली जिल्ह्यातील लेखकाचे एखादे पुस्तक अशी पाच प्रकारची पुस्तके वाचावीत आणि महिनाअखेरीस प्रत्येकावर चार-पाच ओळी लिहाव्यात, असा नियम आहे. एरवी जो कादंबरीपलीकडे गेला नसता त्याच्या हाती कवितासंग्रहही पडावा, हा त्यामागचा हेतू, आणि तो बऱ्याच अंशी साधलाही आहे. प्रश्न आहे तो हे सारे मोजायचे कसे आणि एका महिन्यात बसवायचे कसे, हा.

पुस्तक हे एकक धरले की माणूस आपसूक बारीक पुस्तकांकडे वळतो. आमच्यापैकी बहुतेकांनी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ निवडली. ती १९५५ची असल्याने ‘पन्नास वर्षांपूर्वीचे’ या रकान्यात बसते, लेखक माडगुळ्याचे म्हणून ‘जिल्ह्यातील लेखक’ या रकान्यातही बसते आणि शिवाय आटोपशीर आहे. कादंबरी थोर आहे याबद्दल दुमत नाही, पण निवड गुणांवर झाली की आकारावर, हे सांगणे कठीण. उलट ज्या ताईंनी ‘स्मृतिचित्रे’ हाती घेतले त्यांचा महिना त्यातच संपला आणि हिशेबात त्यांच्या नावावर एकच पुस्तक लागले. पाने मोजावीत, तर कवितेवर अन्याय होतो. ज्या पानावर बारा ओळी आहेत त्याच पानाशी वाचक अर्धा तास थांबलेला असतो.

काही जण गुडरीड्स या वाचननोंदीच्या संकेतस्थळावर नोंद ठेवतात. तिथे वर्षाचा आकडा सुरुवातीला ठरवला की तो सगळ्या वर्षावर सारखा विभागला जातो आणि वाचन रेंगाळले की तुम्ही इतकी पुस्तके मागे आहात असे दाखवले जाते. घरातील लग्नकार्य, मुलांच्या परीक्षा, मार्चअखेरची कार्यालयातील कामे यांचा त्या हिशेबाशी काही संबंध नसतो. जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन क्रमांक नसतोच, त्यामुळे बारकोड दाखवून नोंद करण्याची सोयही तिथे उपयोगी पडत नाही.

दुसरी अडचण वाचनालयाची. माझ्या वर्गणीत एका वेळी दोनच पुस्तके मिळतात आणि पंधरा दिवसांची मुदत असते, म्हणजे पाच प्रकार जुळवायचे तर अदलाबदलीचे वेळापत्रक आधीच आखावे लागते, आणि हवे ते पुस्तक नेमके ‘बाहेर गेलेले’ असले की ते कोलमडते. त्यात ऑगस्ट २०१९च्या महापुरात येथील नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजून गेली, त्यामुळे जुन्या आवृत्त्यांसाठी कोणाच्या तरी घरच्या कपाटावरच भिस्त ठेवावी लागते. सध्या माझ्याकडे असलेल्या अशाच एका प्रतीची पुन्हा बांधणी करताना दोरा इतका आत घातला आहे की डाव्या पानावर ओळीचे शेवटचे अक्षर आणि उजव्या पानावर पहिले अक्षर शिवणीत गेले आहे. पुस्तक दोन्ही हातांनी ताणून धरल्याशिवाय वाचताच येत नाही, म्हणून ते एसटीत नेण्याचा प्रश्नच नाही. रोज तासगावला जाता-येता मिळणारा वेळ हाच माझा वाचनाचा मुख्य वेळ असल्याने ही अडचण मला लहान वाटत नाही.

‘जिल्ह्यातील लेखक’ या रकान्यावरून आमच्यात एक गोड भांडणही सुरू आहे. वि. स. खांडेकरांचा जन्म सांगलीचा, पण त्यांचे आयुष्य शिरोडे आणि कोल्हापूर येथे गेले, म्हणून ते चालणार नाहीत असे एका सदस्याचे म्हणणे आहे. त्याच न्यायाने वाटेगावचे अण्णाभाऊ साठे मुंबईचे ठरतील, हे मात्र त्यांना मान्य नाही! माझ्या मते जन्मगाव पुरेसे मानावे.

आता दिवाळी अंक येतील. वाचनालयाची त्यांच्यासाठी वेगळी वर्गणी असते आणि पुढचे दोन-तीन महिने घरात तेच फिरत असतात. १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही परंपरा मराठी वाचकाच्या वर्षातला मोठा हिस्सा व्यापते, आणि तरी आमच्या आव्हानात तिला जागा नाही. एका अंकात कथा, कविता, मुलाखत, अनुवाद आणि प्रवासलेख एकत्र असतात. मिश्र वाचन म्हणतात ते याहून वेगळे काय असते? पण अंक पूर्ण वाचला असे केव्हा म्हणावे, हे कोणालाच ठरवता येत नाही.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे : मोजदादीसाठी आपण कोणते एकक धरता, जाडजूड पुस्तक एका महिन्याच्या चौकटीत कसे बसवता, आणि दिवाळी अंक हिशेबात घेता का?

प्रतिसाद (कऱ्हाड) :
ताई, आमच्या गटात आम्ही पुस्तके आणि पाने दोन्ही मोजणे सोडून दिले. प्रत्येकाने महिन्यात किती प्रकारांना हात घातला, एवढेच लिहितो. जाड पुस्तकाला तीन महिन्यांची मुभा असते, मात्र दर महिन्याला वाचलेल्या भागावर टिपण लिहावे लागते. एसटीसाठी सुटी प्रकरणे असलेले पुस्तक निवडावे. इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’मध्ये गांधारी, कुंती, द्रौपदी असे स्वतंत्र लेख आहेत, एक लेख एका फेरीत सहज होतो आणि मध्ये दोन दिवस गेले तरी धागा तुटत नाही. दिवाळी अंकाचे म्हणाल, तर आम्ही अंक धरत नाही, त्यातील लेखन धरतो. एखाद्या अंकातील दीर्घकथा वाचून तीवर लिहिले की नोंद झाली.

प्रतिसाद (सातारा) :
कवितेसाठी वेगळा महिना न काढता एक रविवार काढावा, असे सुचवतो. पाचगणीजवळच्या भिलारला मे २०१७पासून पुस्तकांचे गाव आहे. तिथे घराघरांत साहित्यप्रकारांनुसार पुस्तके मांडलेली आहेत. घरी नेता येत नाहीत, पण तिथेच बसून वाचायला कोणी अडवत नाही. एका घरातून दुसऱ्या घरात गेले की प्रकार बदलतो, त्यामुळे आपल्या आव्हानातील न जमणारे रकाने तिथे उघडून पाहता येतील आणि आवडलेले पुस्तक मग गावी परतून मिळवता येईल. नोंदीसाठी मात्र अॅपपेक्षा वही बरी. माझ्या वहीत मी अर्धवट सोडलेल्या पुस्तकांचेही एक पान ठेवले आहे आणि सोडण्याचे कारण एका ओळीत लिहितो.

धागाकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. जाड पुस्तकाला तीन महिन्यांची मुभा देण्याची सूचना मी गटावर मांडली आणि ती सर्वांनी लगेच मान्य केली. अंकाऐवजी लेखन मोजण्यावर चर्चा सुरू आहे, कारण मग प्रत्येक जण सर्वांत लहान कथा निवडेल अशी एका सदस्याला भीती वाटते. निदान वीस पानांचे लेखन अशी अट घालावी असे वाटते, परंतु कवितेला तीही लागू होणार नाही. कऱ्हाडच्या मंडळींनी कवितेसाठी काय ठरवले आहे, संग्रह की निवडक कविता, हे कळवावे. भिलारला आम्ही पाच-सहा जण एसटीनेच येऊ. सांगलीहून सकाळी निघाल्यास वाचायला पुरेसा वेळ हाती राहतो का, आणि मुक्कामाची सोय गावातच होते का, हेही सांगितल्यास बरे होईल.