पाडव्याला ७८ हजारांचा प्रोसेसर घ्यावा का?

जयसिंगपूरचा_फोटोवाला (१४ मार्च २०२५)

राम राम मंडळी. पाडवा पंधरवड्यावर आलाय आणि माझं डोकं फिरलंय, म्हणून विचारतो.

माझा जयसिंगपुरात लग्नाच्या व्हिडिओचा धंदा. साखरपुडा, हळद, लग्न, वरात, वर ड्रोन. एका लग्नाचं फुटेज सहाशे-सातशे जीबी होतं. पीसी २०१९ चा: रायझन ७ ३७००एक्स, ३२ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर. गेल्या वर्षापर्यंत कुरकुर नव्हती. मग सोनीचा ए७ फोर कॅमेरा घेतला, आणि तेव्हापासून प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरची टाइमलाइन चिखलात रुतलेल्या उसाच्या ट्रॉलीसारखी चालते. एक कट मारला की तीन सेकंद बघत बसायचं. इकडं नवरीची आई रोज फोन करते.

कोल्हापुरातला एक दुकानदार म्हणाला, कालपरवाच आलेला एएमडीचा रायझन ९ ९९५०एक्स३डी टाका, विषय संपला. भाव ७८ हजार. वर अट, की बोर्ड आणि लिक्विड कूलर त्याच्याकडूनच घ्यायचा, नाहीतर प्रोसेसर मिळणार नाही. रॅमसुद्धा नवी लागणार. सगळं मिळून दीड लाखाच्या पुढं जातंय. घरात विषय काढला तर वडील म्हणाले, "एवढ्यात गाभण म्हैस येते, आणि ती सहा महिन्यांनी निम्म्या किमतीला मिळत नाही."

अमेरिकेत हाच ६९९ डॉलरला आहे असं वाचलं. मग ७८ हजार झाले कुठून? आणि थांबलो तर खरंच उतरेल का?

टेक्सासी_मावळा

६९९ ही करापूर्वीची किंमत हो. इथं डॅलसमध्ये त्यावर ८.२५ टक्के सेल्स टॅक्स, म्हणजे ७५६ डॉलर. ८७ रुपयांनी धरला तर पासष्ट-सहासष्ट हजार. तेही मिळाला तर, मला पहिल्या दिवशी मिळाला नाही. कुणाच्या बॅगेतून मागवायचा विचार असेल तर ठरावीक मर्यादेच्या वरच्या मालावर विमानतळावर ड्यूटी भरावी लागते, आणि बिघडला तर वॉरंटीसाठी परत इकडंच पाठवत बसाल. दहा हजारांसाठी हा उद्योग करू नका.

ग्रँटरोडकर

फोटोवाले, आधी हिशेब घ्या. ६९९ गुणिले ८७, ६०,८१३. प्रोसेसरवर मूळ सीमाशुल्क नाही, पण १८ टक्के जीएसटी आहे, तो १०,९४६. झाले ७१,७५९. त्याच्या वरचे सहा हजार ही नव्या नवलाईची ओवाळणी. कूलरची अट हा त्याचा खरा नफा, कारण प्रोसेसरमध्ये दुकानदाराला फारसं सुटत नाही. तुमचा जीएसटी नंबर असेल तर ते अकरा हजार वळते करून घेता येतील, हे त्याने सांगितलं का? नसेलच सांगितलं.

आता उतरेल का ते. मी लॅमिंग्टन रोडला १९९६ पासून पीसी जोडतोय. हल्ली दुकान पुतण्या बघतो, मी चहा पितो आणि इथं लिहितो. ऑगस्ट १९९८ ची गोष्ट सांगतो. इंटेलने एकाच दिवशी दोन माल काढले: पेंटियम टू ४५० मेगाहर्ट्झ, ६६९ डॉलर, आणि सेलेरॉन ३००ए, १४९ डॉलर. सेलेरॉनची बस, म्हणजे बोर्डाशी बोलायचा वेग, ६६ वरून १०० वर नेली की तो ४५० ला पळायचा, आणि बहुतेक नग पळायचेच. कॅश, म्हणजे प्रोसेसरची हाताशी असलेली झटपट मेमरी, कमी, १२८ केबी, पण चिपच्या पोटातच आणि पूर्ण वेगाने चालणारी. पेंटियमची ५१२ केबी, पण बाहेर आणि अर्ध्या वेगाची. कामात दोघांत उन्नीस-बीस. मी गिऱ्हाइकाला दोन्ही शेजारी लावून दाखवायचो. तरीही दहातले दोन जण पेंटियमच न्यायचे, कारण साहेबांच्या केबिनमध्ये सेलेरॉनचं स्टिकर शोभत नाही.

नंतरचं ऐका. मे २०१६ मध्ये इंटेलचा कोअर आय७ ६९५०एक्स आला, दहा कोअर (म्हणजे एका चिपमध्ये काम करणारे दहा मेंदू), १,७२३ डॉलर. आठ कोअरचा ६९००के १,०८९ ला. इंटेलसमोर कुणी नव्हतंच. माझ्या एका थ्रीडीवाल्या गिऱ्हाइकाने हट्टाने दहा कोअरवाला नेला. मार्च २०१७ मध्ये एएमडीचा आठ कोअरचा १८००एक्स आला ४९९ ला, आणि जानेवारी २०१८ मध्ये तोच अधिकृतपणे ३४९ झाला. तो गिऱ्हाईक आता दुसऱ्या गल्लीने जातो. त्यावरची कडी म्हणजे इंटेलचा अठरा कोअरचा ९९८०एक्सई २०१८ ला १,९७९ डॉलर होता. वर्षभराने १०९८०एक्सई आला, कोअर तेच अठरा, भाव ९७९. मधल्या काळात कारखान्यात वाळू स्वस्त झाली नव्हती. एएमडीचा मोठा प्रोसेसर थ्रेडरिपर शेजारी येऊन बसला होता. समोरच्या दुकानात माल नसला की भाव काय लावायचा, हे आमच्या गल्लीत पोरांनाही कळतं.

तुमचा ९९५०एक्स३डी उतरेल. ७९५०एक्स सप्टेंबर २०२२ ला ६९९ ला आला आणि नोव्हेंबरच्या सेलमध्ये सहाशेच्या खाली होता. पण नावात एक्स३डी असलेल्या प्रोसेसरांचे भाव जरा हट्टी असतात, गेमवाले सोडत नाहीत त्यांना.

मला वेगळीच शंका आहे. कॅमेरा बदलल्यावर पीसी रुतला म्हणता. मग दोष प्रोसेसरच्या ताकदीत असेलच असं नाही. रेकॉर्डिंग कशात करता? मेनूत जाऊन बघा: फाइलचा प्रकार एक्सएव्हीसी एस की एचएस, आणि रंगाची माहिती किती साठवतो, ४:२:० की जास्तीची ४:२:२.

सिलिकॉनवाली

मी बंगळुरात चिप व्हेरिफिकेशनमध्ये आहे. ग्रँटरोडकर काकांचं बरोबर, पण अर्धंच.

९९५०एक्स३डीच्या टोपणाखाली आठ-आठ कोअरच्या दोन चिपलेट, म्हणजे छोट्या चिप, आहेत, आणि तशाच चिपलेट एएमडी सर्व्हरसाठीच्या एपिक प्रोसेसरमध्येही घालते. तिथे एकेका प्रोसेसरचे हजारो डॉलर मिळतात. म्हणजे तुमच्या घरी आलेली प्रत्येक चिपलेट ही कुठल्यातरी डेटा सेंटरला न गेलेली चिपलेट आहे. शेजारी कुणी असो वा नसो, ती फार स्वस्तात सोडायची कंपनीला गरज वाटत नाही. शिवाय एका चिपलेटला ६४ एमबी जादा कॅश जोडलेली, त्याचं पॅकेजिंग वेगळं.

आणि "भाव चढले" हेही तपासून बघा. २००३-०४ मध्ये पेंटियम ४ एक्स्ट्रीम एडिशन ९९९ डॉलरला होता, कोअर एक. महागाई धरली तर आजचे सतराशे. त्या मानाने ६९९ ला सोळा कोअर स्वस्तच म्हणायचे. खरं टोक आता दुसरीकडे सरकलंय: थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्स, ९६ कोअर, ९,९९९ डॉलर. आपण ज्याला टॉप म्हणतोय तो मधला मजला आहे.

ग्रँटरोडकर

ताई, मधल्या मजल्याचं भाडं ७८ हजार असेल तर आम्ही तळमजल्यावर बरे.

डेटा सेंटरचा मुद्दा मान्य. पण मग १,९७९ चे ९७९ झाले तेव्हा सर्व्हरवाले कुठे गेले होते?

सिलिकॉनवाली

तो मुद्दा तुमचा. :)

जयसिंगपूरचा_फोटोवाला (१५ मार्च)

काका, मेनू बघितला. एक्सएव्हीसी एचएस, ४:२:२, १०-बिट. एका यूट्यूबवाल्याने सांगितलं होतं की सगळ्यात भारी हेच, म्हणून तेव्हाच लावून ठेवलं आणि विसरलो.

ग्रँटरोडकर

सापडलं. पुतण्याकडे निम्मे गिऱ्हाईक लग्नवाले आहेत, त्याने बघितल्या बघितल्या सांगितलं.

तुमचं फुटेज एच.२६५ मध्ये, म्हणजे फार दाबून भरलेलं, आणि रंग ४:२:२ मध्ये. ते उलगडायला प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्डाच्या आत खास सर्किट लागतं. तुमच्या १६६० मध्ये ते ४:२:२ साठी नाही. रायझनच्या पोटातल्या ग्राफिक्समध्येही नाही, ९९५०एक्स३डी धरून. त्यामुळे सगळा भार कोअरवर पडतो. सोळा कोअर ढकलतील म्हणा, पण ७८ हजारांचा बैल घाण्याला जुंपल्यासारखं होईल. इंटेलमध्ये अकराव्या पिढीपासून आतल्या ग्राफिक्सला हे जमतं. एनव्हिडियाने यंदाच्या ५० मालिकेत आणलं. आणि ती जादाची थ्रीडी कॅश गेमसाठी, वरात कापायला तिचा उपयोग नाही.

आज फुकटात काय कराल: प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या फुटेजच्या हलक्या नकला. प्रीमियरमध्ये फुटेज घेताना प्रॉक्सी करायला लावा आणि जेवायला जा. शेवटी एक्सपोर्ट मूळ फाइलवरूनच होतो. पुढच्या लग्नाला ४:२:० वर शूट करून बघा. जयसिंगपुरात कुणी फरक ओळखला तर मला कळवा.

घ्यायचंच असेल तर कोअर अल्ट्रा ७ २६५के. फक्त नावात शेवटी एफ नको. केएफ हजार-दोन हजारांनी स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्स बंद असतं, म्हणजे ज्यासाठी घेतला तेच नाही. खोक्यावरचं नाव स्वतः वाचा.

टेक्सासी_मावळा

हे एफ प्रकरण खरंय. मी याच चुकीवर एक वीकेंड घालवलाय.

जयसिंगपूरचा_फोटोवाला (२ एप्रिल)

उशिरा लिहितोय, लग्नं चालू झाली.

प्रॉक्सी त्याच रात्री लावल्या. सकाळी उठून बघतो तर जुन्याच पीसीवर कट पळतायत. तीन सेकंदांच्या हिशेबाने वर्षभरात किती तास घालवले, ते मोजायचं नाही असं ठरवलंय. नवरीच्या आईला पेनड्राइव्ह पोचला.

तरी पाडव्याला २६५के घेतलाच, कारण रोज रात्रभर पीसी चालू ठेवायला बायको तयार नाही. प्रोसेसर, बोर्ड आणि ६४ जीबी रॅम मिळून ७४ हजार. वडिलांना आकडा सांगितला, ते काही बोलले नाहीत, पण खोक्याला कुंकू लावायला थांबले. आणि काका, दुकानदाराने बिलात २६५के लिहून खोकं केएफचंच काढलं होतं. म्हणाला, "एका अक्षराचा फरक आहे हो." मी म्हटलं, त्या अक्षरासाठीच कोल्हापूरपर्यंत आलोय. गोडाऊनमधून दुसरं आणायला अर्धा तास लागला.

९९५०एक्स३डी अजून शोकेसमध्ये होता. सहज भाव विचारला. ७४ म्हणाला, आणि कूलरची अट गेलेली.

ग्रँटरोडकर

गणपतीत परत विचार.