मदत हवी आहे : ट्रकमध्ये सीबी रेडिओ (ट्रकवाले रस्त्यात एकमेकांशी बोलतात तो) बसवायचाय. कोणता घेऊ, अँटेना कुठे लावू?

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी इथे अमेरिकेत ट्रकचं लायसन्स काढलं. तेव्हापासून शिकागो ते कॅलिफोर्निया, बहुतेक आय-८० हायवेने, माल नेतो. आमच्या घरी सोलापूरला दोन ट्रक होते. वडील लाइनीवर असायचे आणि सोबत क्लीनर. डाव्या खिडकीतून मान बाहेर काढून तो "येऊ द्या, येऊ द्या" करायचा, ढाब्यावर उतरला की पुढच्या घाटाची खबर काढून आणायचा. इथे मी एकटाच असतो.

जानेवारीत वायोमिंगमध्ये एल्क माउंटनजवळ वाऱ्याने बर्फ रस्त्यावरून आडवा वाहत होता. बोनेटच्या पुढचं काही दिसेना. एकदम समोर लाल दिवे. ट्रेलर थोडा सरकला, पण गाडी थांबली. पुढे दोन ट्रक आडवे झाले होते. मागे उभा असलेला एक वयस्कर ड्रायव्हर चालत आला आणि म्हणाला, "सीबीच्या एकोणीस नंबर चॅनलवर वीस मिनिटं सगळे सांगत होते, तू ऐकलं नाहीस?" माझ्याकडे रेडिओच नव्हता. त्या रात्री झोप लागली नाही.

ट्रक कंपनीचा आहे, भोक पाडायची परवानगी नाही. डोक्यावरच्या कप्प्यात करंटचे लाल आणि काळा असे दोन पॉइंट आणि अँटेनाची एक केबल आधीपासून आहे. बजेट २५० डॉलर. कोणता सेट घेऊ? आणि ती एसडब्ल्यूआर काय भानगड आहे, कुणी नीट समजावेल का?

प्रतिसाद १

दादा, सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. मी ओंटारियोतून बॉर्डरपार चालवतो. सेटवर फार डोकं लावू नका. एएमवर (सीबीवर बोलायची नेहमीची पद्धत) कायद्याने ४ वॅटच मिळतात, मग सेट स्वस्त असो की महाग. चॅनल सगळ्यांत तेच ४०. कोब्रा २९ घ्या. बटणं मोठी आहेत, हातमोजे घालूनही फिरतात आणि एसडब्ल्यूआरचा काटा सेटमध्येच आहे. साइडबँडसाठी (आवाज पाठवायची दुसरी पद्धत) जास्त पैसे घालू नका, १९ वर सगळे एएमवरच बोलतात. हवामानाचे चॅनल असलेलं मॉडेल मिळालं तर जरूर घ्या, तुमच्या त्या रस्त्याला ते लागणारच. उरलेले पैसे अँटेनावर घाला. ट्रक स्टॉपवर कुणी "पॉवर वाढवून देतो" म्हणाला तर नको म्हणा. जास्तीचा अँप्लिफायर लावणं बेकायदेशीर आहे आणि आवाजही फाटतो.

आणखी एक, पश्चिमेला आय-५ वर गेलात तर १७ पण ऐका, तिथे बरेच जण त्यावर असतात. ९ नंबर आपत्कालीन मदतीचा, त्यावर गप्पा नाहीत.

प्रतिसाद २

मी ट्रकवाला नाही, पुण्यात हॅम (हौशी) रेडिओ करतो. एसडब्ल्यूआरचं सांगतो.

सीबीची लहर साधारण ११ मीटरची. तिच्या चौथ्या हिश्श्याची अँटेना म्हणजे पावणेतीन मीटर, ट्रकवर एवढी लांब काठी पुलाखाली टिकणार नाही. म्हणून चार-पाच फुटी काठीत तार गुंडाळून तेच काम करून घेतात. पण अशी काठी जुळवून घ्यावी लागते. जुळली नाही तर सेटने पाठवलेली ताकद अँटेनातून बाहेर न पडता परत सेटकडे येते. किती परत येते ते एसडब्ल्यूआर सांगतो. दीडच्या आत असेल तर उत्तम, दोनपर्यंत चालेल. तीनच्या वर असेल तर बोलायचं बटण दाबूच नका, सेटचा आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

मोकळ्या जागेत, दारं बंद करून, ट्रेलर जोडलेला असताना चॅनल १ आणि ४० वर मोजा. १ वर जास्त आला तर काठी आखूड आहे, टोकाचा स्क्रू थोडा बाहेर काढा. ४० वर जास्त आला तर लांब आहे, आत घ्या. एका वेळी एकच फेरा.

दोन्हीकडे तीनच्या वर असेल तर काठीला हात लावू नका, दोष अर्थिंगचा किंवा केबलचा असतो. आजकाल कॅबचा बराच भाग फायबरचा असतो, त्याला लावलेल्या ब्रॅकेटला अर्थ मिळत नाही. अँटेना काढून ठेवा आणि मल्टिमीटरने बघा : ब्रॅकेट ते चासी जोडणी दिसली पाहिजे, केबलची मधली तार ते बाहेरची जाळी दिसता कामा नये.

धागाकर्ता

खूप आभार! आरशाच्या दांडीला क्लॅम्प बसतो, म्हणजे भोक नको. दोन्ही आरशांना एकेक लावू का? इथे बऱ्याच ट्रकना जोडी दिसते.

प्रतिसाद १

जोडीत निदान नऊ फूट अंतर हवं, आरशांमध्ये ते जेमतेम मिळतं. केबलही ७५ ओहमची वेगळी लागते. त्या जोडकेबलच्या एकाच टोकाला अँटेना लावून चालत नाही. तुम्ही ५० ओहमची एक केबल आणि एक अँटेना, ड्रायव्हरच्या बाजूला, एवढंच करा. कप्प्यातली ती केबल अनेकदा गाण्यांच्या रेडिओशी जोडलेली असते, तिच्यावर विसंबू नका. करंट मात्र त्या लाल-काळ्या पॉइंटवरूनच घ्या, फ्यूज घालून. लाइटरच्या सॉकेटवर इंजिनची घरघर ऐकू येते.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी)

बसवला. पहिल्यांदा मोजलं तर दोन्हीकडे तीनच्या वर! क्लॅम्पखाली आरशाच्या दांडीवर रंग होता. तेवढी जागा घासली, ब्रॅकेटपासून चासीला जाड अर्थिंगची पट्टी टाकली. मग १ वर २.४ आणि ४० वर १.६ आला. टोक चार फेरे बाहेर काढल्यावर दोन्हीकडे १.४.

काल नेब्रास्कात १९ वर "रेडिओ चेक" म्हटलं. समोरून येणाऱ्या एकाने लगेच उत्तर दिलं, "स्पष्ट येतंय, पुढे वायोमिंगमध्ये शायेनपाशी वारा वाढलाय, रिकामा ट्रेलर असेल तर जपून." ट्रेलर रिकामाच होता. शायेनच्या अलीकडेच थांबलो, सकाळी वारा उतरल्यावर निघालो.

आता एकच अडचण : स्क्वेल्च (खरखर दाबायचं बटण) खरखर बंद होईपर्यंत फिरवला की लांबचे आवाजही जातात. तुम्ही कुठे ठेवता?

प्रतिसाद १

खरखर जिथे थांबते तिथेच सोडा, त्यापुढे अजिबात नाही. आरएफ गेन (सेट किती बारीक आवाज पकडेल ते ठरवणारं बटण) पूर्ण उघडा ठेवा. आणि वायोमिंगमध्ये शिरलात की स्क्वेल्च जरा मागे घ्या. थोडी खरखर चालेल, दूरची हाक चुकायला नको.