वेम्बली जिंकलेलं गाव

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये गावचा क्लब फार वर जात नाही, असं म्हणतात. मग नॉर्थ फेरिबी युनायटेडचं काय? हल शहराजवळचं, हंबर नदीकाठचं गाव, वस्ती जेमतेम चारेक हजार. क्लब १९३४ चा. २०१५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर एफए ट्रॉफीच्या (खालच्या लीगमधल्या क्लबांची कप स्पर्धा) अंतिम सामन्यात वेल्सच्या रेक्सहॅम क्लबविरुद्ध ०-२ ने मागे, तिथून ३-३ आणि पेनल्टींवर ५-४ ने विजय! हो, तेच रेक्सहॅम, जे पुढे हॉलीवूडवाल्यांनी घेतलं. २०१६ ला फेरिबी थेट नॅशनल लीगमध्ये, म्हणजे इंग्लिश लीगच्या उतरंडीत वरून पाचव्या पायरीवर. पण तो खर्च गावाला झेपणारा नव्हताच. लागोपाठ घसरण, आणि मार्च २०१९ मध्ये काही हजार पौंडांच्या थकबाकीपायी कोर्टाने क्लबच गुंडाळला. त्याच वर्षी नवा क्लब उभा राहिला, खालच्या पायरीवरून.