कल्की गुरुवारी लागतोय, पण सोलापूरचा पूर्व भाग सोडला तर कुणाला पत्ताय का?

साखरपेठी | मंगळवार, २५ जून २०२४, रात्री

मंडळी, प्रभासचा 'कल्की २८९८ एडी' पिक्चर दोन दिवसांवर आलाय आणि मला खरंच टेन्शन आलंय. प्रभासचा फॅन म्हणून नाही (म्हणजे आहेच, ते जाऊदे), पण सहाशे कोटी बजेट म्हणून सगळीकडं छापून येतंय, एवढा पैसा लावून भविष्यातली गोष्ट सांगायची म्हणजे खेळ नाही, आणि हे आपटलं तर कितीतरी वर्षं कुठला निर्माता असल्या विषयाला हात लावायचा नाही, परत आपलं मारामारी आणि आयटम साँग.

आमच्याकडं पूर्व भागात, कन्ना चौक, अशोक चौक साईडला तेलुगू वस्ती, त्यामुळं वातावरण फुल आहे, पोरांनी वर्गणी काढून फ्लेक्स केलाय, त्यावर कुणाचा फोटो किती मोठा यावरून भांडणं पण करून झाली. पण ऑफिस विजापूर रोडला, तिथं कुणाला काही माहीतच नाही. एक मॅडम म्हणाल्या, "प्रभासचा का? परत रामायण केलंय का त्यानं?" दुसरा म्हणतो प्राईमवर कार्टून आलंय तेच ना. आता त्याला काय सांगायचं, ३१ मेला बुज्जी-भैरवाचं (भैरवा म्हणजे प्रभास, बुज्जी त्याची गाडी) ते कार्टून सोडलं ते पिक्चरची ओळख व्हावी म्हणून, आणि हा बाबा समजून बसलाय की पिक्चरच लहान पोरांचा आहे!

तर मार्केटिंग गंडलंय असं तुम्हाला पण वाटतंय का मीच जास्त विचार करायलोय? आणि तेलुगूचे शो आपल्याकडं किती लागणार ते कुणाला कळलं असेल तर सांगा, हिंदी डब नको वाटतो.

धोटा_किंग

का बे एवढा घाबरायलास. पूर्व भाग एकटा पहिला आठवडा ओढतंय बघ. प्रभासच्याच सालारला तरी काय लई जाहिरात होती, डिसेंबरात शाहरुखच्या समोर आला, एक ट्रेलर, परत एक ट्रेलर, संपला विषय, चालला की मस्त. आणि जास्त बोंबललं की काय होतं ते २०११ च्या दिवाळीला शाहरुखच्या रा-वनच्या टायमाला बघितलंय, टीव्ही लावला की तेच, बिस्किटापासून मोबाईलपर्यंत तेच, पिक्चर लागायच्या आधीच डोकं उठलं होतं लोकांचं. फ्लेक्स लागलाय, दूध आणायचं बाकी आहे, चल.

भंगारातला_रोबो

धोटा भाऊ, सालारचं उदाहरण इथं बसत नाही. मारामारीचा पिक्चर कुणाला समजावून सांगावा लागत नाही, हिरो हातात काहीतरी घेऊन उभा राहिला की तिकीट फाटलं. इथं नवीन जगच सांगायचंय. काशी हे शेवटचं उरलेलं शहर, गंगा आटलेली, वर आकाशात कॉम्प्लेक्स, तिकडं लपलेलं शंभाला, हे सगळं दिग्दर्शक नाग अश्विननं गेल्या काही दिवसांत व्हिडिओ टाकून सांगितलंय, छान सांगितलंय, पण ते बघितलं कुणी? आपण. जे आधीच तिकीट काढणार आहेत त्यांनी.

आणि तारखांचा गोंधळ आठवा. गेल्या वर्षी जुलैत अमेरिकेत सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये नाव जाहीर केलं, तोपर्यंत 'प्रोजेक्ट के' होतं. मग १२ जानेवारी सांगितली, ती गेली. मग ९ मे, ती निवडणुकीत गेली, तिकडं तेलंगणा-आंध्रात १३ मेला मतदान होतं (आपलं ७ ला झालं). निर्माते वैजयंतीवाल्यांना ९ मे शुभ वाटते, त्यांचा महानटी पण २०१८ ला त्याच तारखेला आला होता, तरी सोडावी लागली. एवढ्या वेळा तारीख हलली की फॅन सोडून बाकीच्यांच्या डोक्यातून पिक्चर निघून जातो, साधी गोष्ट आहे.

मग सगळा जोर कशावर, तर गाडीवर. २२ मेला रामोजी फिल्म सिटीत मोठा कार्यक्रम करून ती बुज्जी आणली, सहा टनांची, महिंद्रा आणि कोइमतूरच्या जयेम कंपनीनं मिळून बनवलेली, नंतर शहरोशहरी फिरवली. दिग्दर्शकानं तर थेट इलॉन मस्कला बोलावणं धाडलं की येऊन चालवून बघ. गाडी भारी आहे, वादच नाही. पण गाडी बघून तीन तासांचा पिक्चर बघायला कोण येतं? मुंबईला १९ तारखेला बच्चन, कमल हासन, दीपिका, प्रभास सगळे एका स्टेजवर होते, त्यातून पण लोकांना कळलं एवढंच की मोठी मोठी माणसं आहेत.

मला भीती वाटते ती जॉन कार्टरसारखं होण्याची. २०१२ च्या मार्चमध्ये डिस्नेनं आणला होता, फाईंडिंग निमोवाला अँड्र्यू स्टँटन दिग्दर्शक, अडीचशे मिलियन डॉलरच्या आसपास बजेट. मूळ कथा शंभर वर्षं जुनी, मंगळावरची, आणि नावातला मंगळच काढून टाकला यांनी! राहिलं नुसतं 'जॉन कार्टर', म्हणजे कोण, वकील का डॉक्टर, काय कळणार माणसाला. वर गंमत अशी की त्या कथेवरून बाकीच्यांनी इतकं उचललं होतं की मूळ माल आला तेव्हा लोकांना तोच शिळा वाटला. दोनशे मिलियनचा खड्डा पडल्याचं डिस्नेनं स्वतः सांगितलं. पिक्चर वाईट नव्हता हो, मी आजही लावून बघतो.

आता कल्कीचा ट्रेलर बघून लोक तेच म्हणायलेत, वाळवंट, भंगाराच्या गाड्या, चेहरा झाकलेले लोक, हे इंग्लिश पिक्चरात झालंय सगळं. जे दुसऱ्या कुणाकडं नाही ते पुढं आणायला पाहिजे होतं.

भाकरी_विथ_पॉपकॉर्न

जे दुसऱ्या कुणाकडं नाही ते म्हणजे अश्वत्थामा, आणि ते यांच्याकडं आयतं होतं. एप्रिलमध्ये बच्चनचा तो व्हिडिओ आला ना, चेहऱ्याला मातीची फडकी गुंडाळलेला म्हातारा, तो मी मोबाईलवर बघत होते, सासूबाई भाकऱ्या थापता थापता डोकावल्या आणि म्हणाल्या, "हा तेल मागत फिरतो तोच का गं?" बघा, त्यांना सायन्स फिक्शन म्हणजे काय ते माहीत नाही, प्रभास पण धड माहीत नाही, पण कपाळाची भळभळती जखम घेऊन नर्मदेकाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा त्यांना पाठ आहे. आपल्याकडं परिक्रमा करून आलेला प्रत्येक माणूस "एक उंच म्हातारा भेटला होता" अशी एक गोष्ट सांगतोच सांगतो. त्या लोकांना हे ठाऊक नाही असं पण नाही, तो व्हिडिओ त्यांनी नर्मदेकाठच्या नेमावरलाच मोठ्या पडद्यावर दाखवला होता. मग पुढं दोन महिने तो धागा सोडून गाडीच्या मागं का लागले?

नावातल्या २८९८ चं पण तसंच. श्रीकृष्ण गेले आणि कलियुग सुरू झालं ते इसवी सनापूर्वी ३१०२ ला धरतात, तिथून सहा हजार वर्षं मोजली की २८९८ येतं, दिग्दर्शकानं स्वतः सांगितलंय हे. एवढी सुंदर गोष्ट आणि पोस्टरवर नुसता आकडा, लोकांना वाटतं मोबाईल नंबरचा तुकडा आहे.

बाकी साखरपेठी दादा, तुमच्या ऑफिसातल्या मॅडमचं मला अजिबात हसू आलं नाही. घरात थिएटरला जायचं का नाही हे आमच्यासारख्याच ठरवतात. आम्ही चौघं-पाचजणं जाणार म्हणजे तिकिटं, रिक्षा, पोरांचं खाणं, एवढा खर्च करायचा तर निदान विषय तरी कळू द्या.

पार्कचौक_कट्टा

तुम्ही सगळे जाहिरातीवर बोलायलेत, खरा वांदा वेगळाच आहे. गुरुवारी रात्री ८ ला टी-२० वर्ल्ड कपची इंडिया-इंग्लंड सेमीफायनल! काल ऑस्ट्रेलियाला धुतलं तेव्हाच नक्की झालं. पहिल्या दिवसाचा रात्रीचा शो गेला म्हणून समजा, पूर्व भागातला पण.

दुसरं, प्रभासच्या त्या रामायणानं, आदिपुरुषनं, जो दणका दिलाय तो लोक विसरलेले नाहीत. वर्षच झालंय अजून. टीझर आला तेव्हापासून ग्राफिक्सची टिंगल, रिलीज पुढं ढकलून दुरुस्ती केली म्हणाले तरी आतमध्ये तेच, वर ते डायलॉग. आमच्या आईला हौसेनं घेऊन गेलो होतो, इंटरव्हलला म्हणाली घरी चल. आता परत पुराण, परत प्रभास, परत ग्राफिक्स म्हणल्यावर माणूस रविवारपर्यंत थांबणारच की, चार लोकांना विचारून जाणार. ते मार्केटिंगनं सुटणारं नाही, पिक्चर चांगला असला तरच सुटेल.

साखरपेठी

मॅच माझ्या ध्यानातच नव्हती!!

ताईंची पोस्ट वाचून आत्ता ऑफिसच्या ग्रुपवर बच्चनचा तो व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिलं, "तेल मागणारा अश्वत्थामा, सहा हजार वर्षांनंतर." रामायणवाल्या मॅडमचा लगेच मेसेज, हिंदीत आहे का, रविवारचं बघा. आणि कार्टूनवाला विचारतोय की तो मरत कसा नाही, शाप कुणी दिला, म्हणजे आता त्याला सगळं महाभारत सांगत बसावं लागणार रात्री. एवढं साधं काम होतं बघा.

पार्कचौक, आदिपुरुषचं पटतंय, पण नाग अश्विननं महानटी केलाय, नॅशनल अवॉर्ड मिळालेला पिक्चर. भावना कळतात त्या माणसाला. ग्राफिक्स जमलं का नाही ते गुरुवारी कळेलच.

सिकंदराबादचा_जावई

मी मेव्हण्याकडं हैदराबादला चाललोय, तिथंच बघणार. तिकडं तिकीट महाग केलंय, सरकारनं आठ दिवस सिंगल स्क्रीनला ७० आणि मल्टिप्लेक्सला १०० रुपये वाढवून घ्यायला परवानगी दिलीय, पहाटे साडेपाचचा शो पण आहे. मार्केटिंगची चिंता तिथं कुणाला नाही, चिंता एवढीच की तिकीट मिळतंय का.

सोलापुरातच बघणाऱ्यांना एक सांगतो, थ्रीडी असेल तर चष्मा हातात घेतल्या घेतल्या उजेडात धरून बघा. मला एकदा असा ओरखडे पडलेला मिळाला होता की सगळा पिक्चर धुक्यात गेला, आणि बदलून मागितला तर म्हणे इंटरव्हलला या. आणि आवाज-पडदा एकदम टॉप पाहिजे असेल तर सरळ सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुणं गाठा, आयमॅक्स बघा आणि संध्याकाळच्या हुतात्मानं परत या. पिक्चरच तीन तासांचा आहे, त्यामुळं दुपारचाच शो धरा, गाडी चुकली तर स्वारगेटला एसटी शोधत बसाल.

धोटा_किंग

पुण्याला कशाला जायचं, शिट्ट्या मारल्या की मागं वळून बघतात तिथली लोकं.

बरं, शोचं कळलंय. एका थिएटरच्या बुकिंगवर बसणाऱ्या ओळखीच्या पोराला विचारलं, तो म्हणतो सकाळचा पहिला तेलुगू, दुपारपासून हिंदी जास्त, आणि तेलुगू भरला तर शुक्रवारपासून शो वाढवतील. म्हणजे सकाळचा भरवणं आपल्या हातात आहे. मॅच रात्री ८ ला, आपण दुपारी मोकळे, दोन्ही होतंय. मी ब्लॉकमध्ये तिकिटं काढायलोय, ज्यांना पाहिजे त्यांनी उद्या दुपारपर्यंत सांगा आणि पैसे आधी पाठवा. सालारच्या वेळचे दोघांचे अजून यायचेत, नावं घेत नाही, वाचायलेत दोघं पण इथं.

भाकरी_विथ_पॉपकॉर्न

आम्हाला रविवारी दुपारचा हिंदी, पाच तिकिटं, कडेच्या खुर्च्या बघा, सासूबाईंचे गुडघे दुखतात. पैसे आत्ताच पाठवते.