शब्दचर्चा : डिस्कची ‘इमेज’ म्हणजे प्रतिमा, कलम की उतारा?

मूळ प्रश्न

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात २० संगणक आहेत. वर्षातून दोन-तीनदा त्यातले चार-पाच हमखास बिघडतात. म्हणून एका नीट चालणाऱ्या संगणकाच्या डिस्कची क्लोनझिला या नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने इमेज, म्हणजे डिस्कवरच्या सगळ्याची फाइलरूपातली नक्कल, घेऊन ठेवली आहे. बिघडलेल्या मशीनला बूटेबल (ज्यावरून मशीन सुरू करता येतं असा) पेनड्राइव्ह लावायचा, इमेज परत टाकायची, की तास सुरू. मी रजेवर असलो तरी इतर शिक्षकांना हे जमावं म्हणून भिंतीवर लावायला मराठीत एक कागद लिहितोय आणि तीन शब्दांवर अडलोय : बूट, इमेज, रिकव्हरी.

पहिल्या मसुद्यात मी ‘डिस्कची प्रतिमा’ असं लिहिलं होतं. आमच्या एका बाई तो वाचून अर्धा तास पेनड्राइव्हमध्ये फोटो शोधत बसल्या. दोष शब्दाचाच होता. प्रतिमा म्हटलं की डोळ्यांपुढे चित्र येणारच. मुलांनाही कळेल असं काही सुचवा.

प्रतिसाद १

सर, ‘बूट’ तसाच राहू द्या. मशीन बूट होत नाही, बूटलाच अडकतंय, पेनड्राइव्हवरून बूट करून बघ : इतक्या सहज तो आपल्या तोंडी बसलाय. इंग्रजीत तो बूटस्ट्रॅपवरून आला. उंच बुटाला मागे एक पट्टी असते, ती धरून बूट पायात ओढतात. आपल्याच बुटाची पट्टी ओढून स्वतःला जमिनीवरून उचलायचं, अशी अशक्य कामासाठीची त्यांची म्हण आहे. संगणकाचंही चालू होताना असंच होतं. डिस्कवरचा प्रोग्रॅम मेमरीत आणायला आधी मेमरीत प्रोग्रॅम हवा. म्हणून एक इवलासा प्रोग्रॅम पुढे येतो आणि मोठ्याला ओढून आणतो. जुन्या एमबीआर (मास्टर बूट रेकॉर्ड) पद्धतीत तो डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये, म्हणजे कप्प्यात, राहतो आणि त्यातल्या जेमतेम ४४६ बाइट त्याच्या वाट्याला येतात.

आयएसओ फाइल (अख्ख्या सीडी-डीव्हीडीची एका फाइलमधली नक्कल) पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली तर मशीन त्यावरून सुरू होत नाही, ते याचमुळे. फाइल तिथे असते, पण पहिल्यांदा उठणारा तो तुकडा जागेवर नसतो. तो जागेवर बसवण्याचं काम रूफस हा प्रोग्रॅम करतो. (व्हेंटॉय या दुसऱ्या प्रोग्रॅमची गोष्ट वेगळी. तिथे हा तुकडा एकदाच बसवायचा, मग आयएसओ फाइली हव्या तेवढ्या कॉपी करा.)

आपल्याकडे सहलीला जायचा ‘बूट निघतो’, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. पण तिथेही एकानं सुरुवात केली की बाकीचे उठतात, हे मला फार आवडतं.

प्रतिसाद २

प्रतिमेची बाजू मांडतो. संस्कृतात ‘मा’ म्हणजे मोजणं, मापणं. प्रतिमा म्हणजे मूळ वस्तूच्या मापाला माप लावून केलेली दुसरी. डिस्कच्या प्रत्येक सेक्टरला सेक्टर लावून केलेल्या फाइलला यापेक्षा नेमका शब्द कुठून आणायचा? तरी भिंतीवरच्या कागदाला तो चालणार नाही, हे मान्य. बाईंचा अर्धा तास खरा आहे.

ज्यांनी २००० च्या आसपास लॅब सांभाळल्या, ते या कामाला सरळ ‘घोस्ट मारणे’ म्हणतात. घोस्ट हा प्रोग्रॅम १९९५ साली न्यूझीलंडमध्ये तयार झाला, १९९८ साली सिमँटेकने घेतला. तो मागे पडला तरी ‘मारणे’ टिकलं. आजही दुकानात ‘विंडोज मारून द्या’ म्हणतात. पण शाळेच्या भिंतीवर ‘मारा’ लिहू नका. मुलं शब्दशः घेतील.

प्रतिसाद ३

क्लोनसाठी मराठीत तयार शब्द आहे : कलम. क्लोन हा शब्द ग्रीकमधल्या डहाळीवरून आला आणि १९०३ साली तो वनस्पतिशास्त्रात रुजला, तो अशाच लावलेल्या झाडांसाठी. कोय लावली तर हापूसच येईल याची खात्री नाही, कलम बांधलं तर हापूसच. एका डिस्कवरून थेट दुसऱ्या डिस्कवर सगळं नेलं तर ते कलम. इमेज मात्र फाइल म्हणून कपाटात राहते. तिला कलम म्हणता यायचं नाही.

प्रतिसाद ४

माझं मत : उतारा.

मी साखर कारखान्याच्या गावचा. आमच्याकडे रिकव्हरीला पहिल्यापासून उतारा म्हणतात. ११ टक्के उतारा म्हणजे टनभर उसातून ११० किलो साखर. बँकेत रिकव्हरी म्हणजे वसुली, दवाखान्यात रिकव्हरी म्हणजे बरं होणं. संगणकाच्या रिकव्हरीत यातलं वसुलीचं काही नाही, पण उतारा आणि बरं होणं दोन्ही आहे. मरायला टेकलेल्या डिस्कवर डीडीरेस्क्यू हे डेटा वाचवणारं साधन चालवतात तेव्हा ते आधी सहज वाचता येणारा भाग काढून घेतं, खराब जागांकडे नंतर वळतं आणि काय वाचलं, काय राहिलं याची नोंद ठेवतं. जितकं निघालं तितका त्या डिस्कचा उतारा.

आता हाच शब्द इतर ठिकाणी पाहा. तलाठ्याकडून आणतो तो सातबाराचा उतारा, म्हणजे दप्तरातल्या नोंदीची नक्कल. मूळ दप्तर जागेवर, उतारा आपल्या हातात. डिस्कची इमेज नेमकी तेच आहे. आणि विषावर देतात तोही उतारा. व्हायरसने मशीन बंद पाडलं की आधी काढून ठेवलेली नक्कल त्यावरचं औषध होते. नक्कल आणि औषध एकाच शब्दात सांगायची सोय मराठीत आयती आहे, मग ‘प्रतिबिंब’, ‘पुनर्प्राप्ती’ कशाला घडवत बसायचं?

प्रतिसाद ५

सातबाराचा उतारा म्हणजे दप्तरातल्या एका गटापुरता कागद. पाठ्यपुस्तकातला उतारा म्हणजे धड्यातला तुकडा. इमेज अख्ख्या डिस्कची असते. शब्द अपुरा पडतो.

प्रतिसाद ४ (पुन्हा)

आक्षेप योग्य आहे, पण इमेजही नेहमी अख्ख्या डिस्कची नसते. क्लोनझिला ओळखीची फाइल सिस्टीम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) दिसली की वापरात असलेले ब्लॉकच, म्हणजे भरलेले भागच, घेतं, रिकामी जागा सोडतं. म्हणून ५०० जीबीच्या डिस्कवर ६० जीबी भरलं असेल तर इमेज ५०० जीबीची होत नाही. डीडी हे नक्कल करायचं जुनं साधन मात्र कण न् कण उचलतं. त्याला ‘पूर्ण उतारा’ म्हणा.

माझ्यासाठी यापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या दुकानदाराचं मशीन मी दुरुस्त करत होतो. दोन सारख्या आकाराच्या डिस्क, स्क्रीनवर सगळं इंग्रजी, रात्रीची वेळ. इमेज घ्यायची होती, मी टाकायचा पर्याय निवडला. त्यांचा दोन वर्षांचा हिशेब जुन्या इमेजखाली गेला. ते मला एक शब्द बोलले नाहीत, आणि ते गप्प राहणं मी विसरलेलो नाही. ‘सेव्ह’ आणि ‘रिस्टोअर’ हे शब्द थकलेल्या डोळ्यांना दिशा सांगत नाहीत. ‘इमेज करणे’ तर अजिबात नाही.

मराठीत दिशा क्रियापदात आहे. उतारा काढतात तो डिस्कमधून, उतारा देतात तो डिस्कला. जिला उतारा दिला तिच्यावरचं आधीचं सगळं जातं. शिवाय ‘वरून’ आणि ‘वर’ आहेतच : कुठल्या डिस्कवरून, कुठल्या डिस्कवर. सर, तुमच्या कागदावर ही दोन क्रियापदं ठळक लिहा, नाम कुठलंही घ्या.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. बाईंना आज नवा कागद दिला आणि मी खोलीबाहेर थांबलो. त्यांनी २५ मिनिटांत मशीन सुरू केलं. एकदाच बाहेर येऊन विचारलं, ‘मशीन क्रमांक १४ लाच द्यायचा ना?’ तो प्रश्न त्यांना पडला, यात मला सगळं मिळालं. कागद असा :

‘मशीन बंद करा. लाल पेनड्राइव्ह आणि काळी बाहेरची डिस्क लावा. चालू करून लगेच एफ १२ दाबत राहा. यादीतून पेनड्राइव्ह निवडा, म्हणजे मशीन त्यावरून बूट होईल. बिघडलेल्या मशीनला उतारा द्यायचा आहे, म्हणून restoredisk ऐवजी दुसरं काही निवडू नका. savedisk म्हणजे उतारा काढणे, ते आज करायचं नाही. उतारा काळ्या डिस्कवर आहे, तो मशीनच्या आतल्या डिस्कला द्यायचा आहे. आतल्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. मुलांचं काम त्यात राहिलंय का, हे आधी वर्गात विचारून या.’

स्क्रीनवर इंग्रजीतच दिसतात म्हणून ते दोन शब्द कागदावर रोमनमध्ये ठेवले होते. इथे वाचणाऱ्यांसाठी : रिस्टोअरडिस्क आणि सेव्हडिस्क.