मदत हवी आहे : ऊसपट्ट्यातला मातीचा कार्बन, पीएच.डी.चा प्रस्ताव

वाळवा तालुक्यात (जि. सांगली) पाचट जाळलेल्या आणि पाचट कुजवलेल्या उसाच्या रानांत सेंद्रिय कार्बनचा साठा किती वेगळा, यावर पीएच.डी.चा प्रस्ताव लिहितोय. एम.एस्सी. मृदाशास्त्र आणि जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा) झालंय.

0–15 आणि 15–30 सें.मी. थरांचे 24 नमुने सावलीत वाळवून, 2 मि.मी. चाळणीतून चाळून ठेवलेत. मातीची घनता वाफशावर घेतली. उन्हाळ्यात काळी रानं भेगाळतात, तेव्हाचे आकडे फसवे येतात. वॉक्ली-ब्लॅक (सेंद्रिय कार्बन किती डायक्रोमेट वापरतो, त्यावरून तो मोजायची पद्धत) 1.3 गुणकाने झालं. पण नदीकाठच्या क्षारपड रानांत क्लोराइडही डायक्रोमेट खातं, म्हणून कार्बन जास्त दिसतो. सिल्व्हर सल्फेट घातल्यावर आकडे उतरले, पण दोन वेळचे आकडे जुळत नाहीत.

म्हणून सीएचएन ॲनालायझरवर (नमुना जाळून एकूण कार्बन मोजणारं यंत्र) जायचंय. तिथे चुनखडी आडवी येते: सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब पडला की माती फसफसते, म्हणजे एकूण कार्बनमध्ये असेंद्रियही मोजला जाणार. कार्बन-13 (कोणता कार्बन कोणत्या पिकाचा, हे ओळखायला वापरतात तो जड कार्बन) सुचवू नका. ऊस सी-4 गटातलं पीक (प्रकाशसंश्लेषणाचा एक प्रकार), आणि त्याआधी याच रानांत ज्वारी होती, तीही सी-4; दोन्हींच्या कार्बनची खूण सारखीच. जुना-नवा कार्बन वेगळा निघणार नाही.

चांदीच्या कॅप्सूलमध्ये 30 मि.ग्रॅ. ओलावलेली माती, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेची 6 तास धुरी, ही चुना घालवायची पद्धत माहीत आहे. इतक्या चुनखडीच्या मातीला 6 तास पुरतात का? चुना पूर्ण गेला हे तुम्ही कसं तपासता? आणि कोल्हापूर-पुण्याच्या टप्प्यात धुरी दिलेले नमुने ॲनालायझरवर घेणारी प्रयोगशाळा कोणती?